पिरूल, वणवा आणि १९२१ सालची एक जुनी गोष्ट

राणीखेतला बदली झाल्याचं कळलं तेव्हा कंपनीतली पोरं म्हणाली, "हवालदार साहेब, मजा आहे तुमची. थंड हवा, समोर नंदादेवी." नंदादेवी दिसते हे खरं. पण २०१६ च्या एप्रिलात मी तिथे होतो आणि सलग दोन आठवडे आम्हाला नंदादेवी काय, समोरची टेकडीही धड दिसली नाही. सगळीकडे धूर. सकाळी पीटीला फॉल-इन झालो की घसा खवखवायचा आणि कपडे वाळत घातले तर त्यांवर राखेचे काळे ठिपके पडायचे.

कुमाऊंच्या जंगलाबद्दल आधी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. साधारण साडेसहा हजार फुटांच्या खाली इथे चीड नावाचा पाईन आहे. उंच, सरळ, दिसायला देखणा. मार्चपासून जूनपर्यंत त्याच्या सुया गळतात. वीतभर लांब, वाळल्या की तपकिरी. त्यांना तिथे पिरूल म्हणतात. पिरुलाचा थर एवढा जाड बसतो की उतारावरून चालताना बूट घसरतो. आमचा एक जवान याच पिरुलावरून घसरून पाय मोडून घेऊन बसला होता. त्यात राळ असते. एक बिडी पुरते. चिडाची साल जाड, म्हणून मोठं झाड आगीतून बहुतेक वेळा वाचतं, पण खालचं गवत, रोपं, पाखरांची घरटी, सगळं जातं. वरच्या अंगाला बांजची म्हणजे ओकची जंगलं आहेत, त्यात बुरांस, काफळ. बांजखाली जमीन ओली असते, झरे असतात, पाला गुरांना चालतो. गावकऱ्याला विचारा, तो बांजबद्दल देवाबद्दल बोलावं तसं बोलतो आणि चिडाबद्दल शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरबद्दल बोलावं तसं.

त्या वर्षी आग मोठी होती. एनडीआरएफच्या तुकड्या आल्या. हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं भीमतालच्या तळ्यातून बादली भरून नेत आणि डोंगरावर ओतत. टीव्हीवर तेच दाखवायचे, आणि दृश्यही तसंच होतं. पण खाली उभं राहून बघणाऱ्याला कळतं की डोंगराच्या आगीत खरं काम हाताचं आहे. बेलचा, गैंती, कोयता आणि हिरव्या फांद्यांचा झाडू. आगीच्या पुढे जाऊन चार-पाच हात रुंद पट्टा साफ करायचा, मातीपर्यंत. आपल्याकडे वनखातं ज्याला जाळरेषा म्हणतं, तीच. आग तिथवर आली की तिला खायला काही उरत नाही. वारा आडवा नसेल तर थांबते.

आमची पलटण सिव्हिलच्या मागणीवरून दोन रात्री एका दरीत कामाला गेली. पहिल्या रात्री बारा-साडेबाराच्या सुमारास आम्ही रेषा जवळजवळ पूर्ण केली होती. वर आग, खाली आम्ही, आमच्या पाठीमागे गाव. आणि गावचे पंचवीस-तीस लोक, बायका जास्त, आमच्यापासून शंभर पावलांवर एका दगडी खांबापाशी हातात फांद्या घेऊन नुसते उभे. पुढे येईनात. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "अरे, तुमचं जंगल जळतंय आणि तुम्ही तमाशा बघताय?"

एक म्हातारा पुढे आला. अंगात जुनी जर्सी, डोक्याला मफलर. शांतपणे म्हणाला, "साहेब, जळतंय ते सरकारचं आहे. आमचं या खांबाच्या अलीकडे. इथे आली तर एक ठिणगी पुढे जाऊ देणार नाही."

मी काही बोलायच्या आत वरून ठीटे यायला लागले. ठीटा म्हणजे चिडाचं फळ, लाकडी, मुठीएवढं. पेटलं की निखारा होतो आणि उतारावरून गडगडत खाली येतो. पाच हातांची रेषा त्याला काय अडवणार? तीन-चार ठिकाणी आग आमच्या मागे पेटली. मग मात्र ते सगळे धावले आणि खोटं कशाला सांगू, आमच्यापेक्षा दुप्पट वेगाने काम केलं त्यांनी. कुठे मारायचं, कुठे सोडून द्यायचं, कुठे उलटी आग लावून येणारी आग उपाशी ठेवायची, सगळं ठाऊक. घरं वाचली. गावाच्या कडेला झाडांभोवती रचलेले गवताचे लुटे मात्र गेले, सात की आठ. लुटे म्हणजे आपल्याकडच्या गंजीच. वर्षभराचा चारा.

मफलरवाला म्हातारा कुमाऊं रेजिमेंटचा निवृत्त सुभेदार निघाला. एकाहत्तरची लढाई पाहिलेला. मी कडक सॅल्यूट ठोकला, लाजही वाटली. सकाळी त्यांनी घरी चहाला नेलं आणि तो खांब काय आहे ते सांगितलं. पुढे मी पुस्तकं शोधून वाचली, राणीखेतच्या आणि नैनितालच्या वाचनालयात बसलो. सुभेदार साहेबांनी सांगितलेलं बहुतेक सगळं बरोबर होतं.

इंग्रजांनी १८१५ साली गुरख्यांकडून कुमाऊं घेतलं. १८२३ च्या बंदोबस्तात प्रत्येक गावाची शीव ठरली. विक्रम संवत १८८० म्हणून लोक अजून तिला "सन अस्सी"ची शीव म्हणतात. शिवेच्या आतलं रान गावाचं असं लोक समजत आले. १८९३ साली एका फतव्याने सगळी न मोजलेली पडीक जमीन संरक्षित जंगल ठरली. आणि १९११ ते १९१७ या काळात वनखात्याने फार मोठा मुलूख, तीन हजार चौरस मैलांहून जास्त, राखीव करून टाकला. खांब आले ते तेव्हा. चराईवर, फांद्या तोडण्यावर मोजमाप आलं. आणि उन्हाळ्यात पिरूल जाळायला बंदी आली.

ही जाळण्याची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पिरुलाच्या थराखाली गवत उगवत नाही. म्हणून गावकरी पूर्वीपासून ठराविक वेळी, थोडी थोडी आग लावून थर जाळायचे. पावसाला गवत वर यायचं. सरकारला चीड हवा होता. रेल्वेच्या स्लीपरांसाठी लाकूड आणि राळेसाठी झाड. राळेला तिथे लिसा म्हणतात, तिच्यापासून टर्पेंटाईन. झाडाला खाच मारून खाली भांडं लावायचं. अशी खाचलेली झाडं आगीत मशालीसारखी पेटतात. म्हणजे खात्याला आग अजिबात नको आणि गावाला थोडी हवी. यातून भांडण होणार नाही तर काय?

आपल्याला हे नवीन नाही. ठाणे जिल्ह्यात भाताच्या राबासाठी पालापाचोळा, फांद्या तोडण्यावरून १८८० च्या दशकात एवढी ओरड झाली की मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. जोतीराव फुल्यांच्या "शेतकऱ्याचा असूड"मध्ये जंगलखात्यावर राग आहे तो उगाच नाही. आणि मी स्वतः शिराळा तालुक्यातला. आमच्या बाजूला बिळाशीचं नाव निघालं की अजून म्हातारी माणसं सरळ बसतात. १९३० च्या जंगल सत्याग्रहात जंगलातलं झाड तोडून लोकांनी त्यावर झेंडा चढवला होता. माझी आजी त्या वेळी लहान होती, पण सांगताना जणू तिनेच झाड तोडलं असं सांगायची. म्हणून सुभेदार साहेब बोलायला लागले तेव्हा मला वाटलं, ही गोष्ट मी ऐकलेली आहे, फक्त झाडांची नावं वेगळी.

त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाईनला लढून आले. राणीखेतला १९१७ साली उभ्या राहिलेल्या कुमाऊंच्या पलटणीतून. परत आले तर गावाचं रान खांबापलीकडे गेलेलं. त्यात बेगार. साहेब दौऱ्यावर निघाला की त्याचं सामान गावाला सक्तीने वाहावं लागायचं, याला कुली उतार म्हणत. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरला उत्तरायणीच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे आणि इतरांच्या सांगण्यावरून हजारो लोकांनी शरयूच्या काठावर शपथ घेतली, बेगार करणार नाही. बेगारीच्या वह्या नदीत फेकल्या. आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कुमाऊंची जंगलं पेटली. १९१६ सालीही अशा आगी लागल्या होत्या, पण १९२१ ची गोष्टच वेगळी. गावोगाव, मुद्दाम लावलेल्या.

इतिहासकार रामचंद्र गुहांनी यावर सविस्तर लिहिलं आहे. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मी वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. लोकांनी जाळला तो मुख्यतः चीड. सरकारच्या फायद्याचा, लिसा काढायचा. बांजची जंगलं, जिथून त्यांचा पाला आणि पाणी येत होतं, ती त्यांनी सोडली. रागाने बेभान झालेला माणूस असं निवडून जाळत नाही.

सुभेदार साहेबांचे आजोबा त्या आगींच्या भानगडीत पकडले गेले होते. दंड झाला. युद्धाची पदकं घरात होती, पण दंड भरायला पैसे नव्हते, म्हणून म्हैस विकली. "आमच्या घरात पदकांपेक्षा त्या म्हशीची आठवण जास्त काढतात," असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही.

सरकारने मग चौकशी समिती नेमली. कुमाऊंचे कमिशनर पर्सी विंडम अध्यक्ष. समितीने डोंगरात फिरून पाच हजारांहून जास्त साक्षी घेतल्या. गोविंद वल्लभ पंतांनी १९२२ मध्ये कुमाऊंच्या जंगलप्रश्नावर इंग्रजीत पुस्तिका लिहून गावांची बाजू मांडली. समितीच्या शिफारशींवरून राखीव जंगलाचे दोन वर्ग झाले. व्यापारी कामाचं जंगल वनखात्याकडे राहिलं, बाकीचं महसूल खात्याकडे देऊन लोकांना मोकळीक मिळाली. आणि १९३१ साली वनपंचायतीचे नियम आले. गावाने पंच निवडायचे, आपल्या शिवेतलं रान आपण सांभाळायचं, चराई कधी, गवत कधी, दंड किती, ते आपण ठरवायचं. आज उत्तराखंडात अशा अकरा हजारांच्या वर वनपंचायती आहेत. ज्या खांबापाशी त्या रात्री ते लोक उभे होते तो वनपंचायतीच्या हद्दीचा खांब होता.

म्हणजे आगीने होरपळलेल्या लोकांना सरकारने केलेली सगळ्यात मोठी मदत तंबू-धान्याची नव्हती. काढून घेतलेला हक्क थोडा परत दिला, एवढीच ती. आणि तीही वाटणी करून. पुढे १९७६, २००१, २००५ अशा नियमांच्या फेरफारांत वनपंचायतींवर खात्याचा हात पुन्हा घट्ट होत गेला, असं तिथले पंच सांगतात. १९२७ च्या वन कायद्यात कलम ७९ आहे. जंगलात ज्याला काही हक्क आहे त्याने आग विझवायला मदत करणं बंधनकारक. मी ते कलम सुभेदार साहेबांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते म्हणाले, "भुला, ज्याला हक्क आहे त्याने. बरोबर लिहिलंय. आधी हक्क तर द्या."

आता आमच्या मदतीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आग आटोक्यात आल्यावर आम्ही जवानांनी वर्गणी काढली. कोणी पाचशे, कोणी हजार. सगळ्यांचा जीव त्या गावात अडकला होता. आम्ही काय घेतलं? पीठ, तांदूळ, डाळ, तेल आणि चाळीस ब्लँकेटं. मे महिन्यात. ब्लँकेटांची कल्पना माझी, कारण आमच्याकडे पूर आला, भूकंप झाला की ब्लँकेटंच वाटतात. ट्रक घेऊन गेलो, फोटो काढले. लोकांनी हात जोडले, माल घेतला, चहा पाजला. निघताना एका म्हाताऱ्या बाईने, सगळे तिला आमा म्हणत, माझा हात धरून मला गोठ्यात नेलं. दोन म्हशी, एक गाय, एक वासरू. गव्हाणीत काही नाही. ती म्हणाली, "बेटा, आमच्या पोटाला रेशन मिळतं. यांचं रेशन जळलं. पाऊस यायला दीड महिना आहे. मी यांना तुझं ब्लँकेट खायला घालू?"

चिडून नव्हती बोलली. खरंच विचारत होती.

त्या दिवसापासून मी जिथे जिथे गेलो तिथे वणव्यानंतर गावाला काय लागतं याची चौकशी करत राहिलो, आणि माझी यादी कुठल्याही सरकारी यादीपेक्षा छोटी आहे. सगळ्यात आधी चारा. कुमाऊंच्या घराचा जीव जनावरात आहे. पुरुष फौजेत किंवा दिल्लीच्या हॉटेलात, घर बाई चालवते आणि बाईला म्हैस चालवते. चारा संपला की ती पडेल भावात विकावी लागते. सुभेदारांच्या आजोबांनी विकली तशी. दुसरं पाणी. डोंगरातली गावं झऱ्यावरून प्लास्टिकच्या पाईपने पाणी आणतात. आग पाईप वितळवून टाकते. कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण घर उभं असतं. घर जळालं तर पंचनामा होतो. पाचशे मीटर वितळलेल्या पाईपचा आणि सामायिक गवताचा पंचनामा करायला आमच्यासमोर तरी कोणी आलं नाही. मग बाया डोक्यावर हंडा घेऊन दरीत उतरतात, त्याच उतारावरून, जिथे आता राख आहे आणि पाय ठरत नाही. तिसरं म्हणजे पहिल्या पावसाच्या आधी उतारावर आडवी लाकडं, दगड लावून माती धरणं. यात फौजी माणूस उपयोगी पडतो.

आम्ही दुसऱ्यांदा वर्गणी काढली. पहिल्यापेक्षा कमी जमली. एकदा दिलेल्याकडे पुन्हा मागणं अवघड असतं. ब्लँकेटांचे पैसे गेल्याबद्दल मला आमच्या सुभेदार मेजर साहेबांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. खालच्या तराईतून भुशाचे दोन ट्रक आणले आणि पाईप घेतला. पाईप आमच्या पोरांनी एका दिवसात टाकला, वरून मातीत गाडून. गाडलेला पाईप पुढच्या आगीत वाचतो. ही अक्कल आमची नव्हे. गावातल्या बायकांनीच सांगितलं. आधी गाडायला फक्त माणसं नव्हती.

आग लागूच नये यासाठी काय करायचं, याचं उत्तरही मला त्याच जिल्ह्यात दिसलं. अल्मोड्याजवळ शीतलाखेत नावाची जागा आहे. तिथल्या स्याहीदेवीच्या जंगलात आसपासच्या गावांच्या महिला मंगल दलांनी कित्येक वर्षं मेहनत करून बांजचं रान परत आणलं. शेतातला काडीकचरा जाळण्याला तिथे ओण म्हणतात आणि बऱ्याच आगी ओणातूनच सुटतात. तर त्यांनी ठरवलं, ओण मार्च संपायच्या आत, वारा सुटायच्या आधी जाळून मोकळं व्हायचं. १ एप्रिलला आता ओण दिवस पाळतात. आग लावू नका असं नुसतं सांगत बसण्यापेक्षा कधी लावायची ते ठरवणं, हे १९११ च्या साहेबाला सुचलं नव्हतं. पिरूल गोळा करून विकत घ्यायची सरकारी योजनाही आहे. २०२४ मध्ये किलोला तीन रुपयांचा भाव एकदम पन्नास करायची घोषणा झाली. भाव चांगला होता. पण उतारावरून पिरुलाचं ओझं रस्त्यापर्यंत वाहून आणणाऱ्या बाईच्या कंबरेकडे बघून तो पुरतो का ते ठरवावं.

त्याच २०२४ च्या उन्हाळ्यात आग पुन्हा भडकली. नैनितालच्या उंबऱ्यापर्यंत आली, पुन्हा लष्कर, पुन्हा भीमतालचं पाणी. मी तोवर पेन्शनवर घरी. १३ जूनला बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेली वनखात्याच्या कामावरची चार माणसं जागीच गेली, आणखी चौघे भाजले. हे लोक हंगामी रोजावर असतात, बरेचसे. अंगात साधा सुती शर्ट, पायात चप्पल किंवा कॅनव्हासचे बूट. आम्हाला दारूगोळ्यासमोर पाठवताना हेल्मेट देतात. मला त्या बातमीने दोन दिवस झोप लागली नाही, कारण २०१६ च्या त्या रात्री ठीटे खाली आले तेव्हा वारा जरा फिरला असता तर काय झालं असतं हे मला पक्कं माहीत आहे.

आपल्या पेन्शनर मंडळींसाठी एक गोष्ट. प्रादेशिक सेनेच्या इकॉलॉजिकल बटालियन म्हणजे माजी सैनिकांच्याच पलटणी. पहिली १९८२ साली गढवालमध्ये उभी राहिली, मसुरीच्या चुनखडीच्या खाणींनी उघडे पडलेले डोंगर हिरवे करायला. कुमाऊंची पिथौरागढला आहे. आपल्याकडे मराठवाड्यात महार रेजिमेंटशी जोडलेली आहे, संभाजीनगरला. निवृत्तीनंतर सिक्युरिटी गार्डच्या खुर्चीत बसण्याआधी त्यांची चौकशी करा. आणि तेवढं जमणार नसेल तर फेब्रुवारीत आपल्या गावच्या डोंगरावर जाळरेषा काढायला चार दिवस द्या. सह्याद्रीतही वणवा लागतो, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा "पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं" म्हणून लावतात. माझ्या गावात मी गेली तीन वर्षं हे करतो. पहिल्या वर्षी आम्ही सहा जण होतो, यंदा एकोणीस.

सुभेदार साहेब दोन वर्षांपूर्वी गेले. बिनसरच्या बातमीनंतर मी त्यांच्या घरी फोन केला होता, सुनेने उचलला. गावाजवळ आग आली होती का विचारलं. म्हणाली, आली होती, खांबापर्यंत. आमा आहे का विचारलं. आहे, आता उठवत नाही तिला. म्हशी? एकच राहिली, दुसरी विकली, पण चाऱ्यासाठी नाही, नातवाच्या कॉलेजच्या फीसाठी.

मी म्हटलं, "आणि पाईप?"

"चालू आहे की," ती म्हणाली. "मातीत आहे ना."